गोगलगाय आणि अठ्ठावीस व्होल्ट

१

ट्रक चौथ्यांदा मेला तो काचेच्या गोदामाच्या बरोबर फाटकात. अर्धा आत, अर्धा बाहेर. मागे काचेच्या तावांनी भरलेली लाकडी घोडी, पुढे अडलेला रस्ता आणि दोन्ही बाजूंनी हॉर्न. मी पेटी घेऊन पोचलो तेव्हा तिथे वीसेक माणसं जमली होती आणि त्यातला प्रत्येक जण बॅटरीतज्ज्ञ होता.

"बॅटरीचं पाणी बघा," एक म्हणाला.

"पट्टा सैल असणार," दुसरा म्हणाला.

तिसऱ्याने नुसतीच टायरला लाथ मारली आणि आपलं कर्तव्य झालं अशा चेहऱ्याने तो निघून गेला.

मी गाड्यांचा वायरमन आहे. एकतीस वर्षं हेच करतोय. एकदा दुरुस्त केलेली गाडी त्याच दुखण्यासाठी परत आली की मला घास गिळवत नाही. आणि हा सव्वीस वर्षांचा म्हातारा दोन महिन्यांत चौथ्यांदा माझ्या छातीवर बसला होता. पहिल्या वेळी मी बॅटरीची टोकं घासून पुसून दिली. दुसऱ्या वेळी बॅटऱ्यांची जोडीच नवी घातली. तिसऱ्या वेळी डायनामो बदलला. शहाणे लोक त्याला अल्टरनेटर म्हणतात, आम्ही जुने लोक अजून डायनामोच म्हणतो. इंजिनाबरोबर तो फिरतो आणि बॅटरीत वीज भरतो. तो भरतोय तोवर गाडी जिवंत. तो थांबला की गाडी बॅटरीतली शिल्लक खात बसते आणि एक दिवस भर रस्त्यात मान टाकते. डायनामो बदलून माझं समाधान झालं नाही म्हणून मी गाडी रात्रभर दुकानात ठेवून, मीटर लावून गळतीही तपासली. थेंबभर गळती नव्हती.

आणि तरी ती आज फाटकात मेली होती.

मी माझ्या बॅटऱ्या जोडल्या. इंजिन सुरू झालं. बॉनेटखाली वाकून, हाताने रेस देऊन मी मीटर लावला. अठ्ठावीस व्होल्ट! रेस सोडली, इंजिन मंद झालं, तरी अठ्ठावीस. एखाद्या नव्या गाडीने लाजावं असा आकडा. घरी तापाने फणफणलेला रोगी डॉक्टरच्या दारात ठणठणीत व्हावा, तसला हा प्रकार, आणि तो चौथ्यांदा.

गोदामाच्या मालकीणबाई गळ्यात मापाची टेप घालून शेजारी उभ्या होत्या. सगळे त्यांना काचवाल्या बाई म्हणतात.

"आता काय म्हणणं आहे तुमचं?" त्यांनी विचारलं.

माझं डोकं तापलेलं होतं. तोंडाला येईल ते बोलू नये हे मला आई लहानपणीच शिकवून गेली होती, पण ते धडे ऐन वेळी आठवतात कुणाला?

"बाई, गाडीत दोष नाही," मी म्हणालो. "वीज भरतेय. गळती नाही. मग वीज जाते कुठे? गाडी खात नसेल तर माणूस खात असणार. कुणीतरी इंजिन बंद करून पंखा, दिवे, रेडिओ लावून आत लोळत असणार."

हे बोलून होईपर्यंत माझ्या लक्षातच आलं नाही की 'कुणीतरी' म्हणजे कोण. या ट्रकवर एकोणीस वर्षं कायमचा असा एकच ड्रायव्हर आहे. तो माझ्या बायकोचा धाकटा भाऊ आहे. आणि तो माझ्या मागे दोन हातांवर उभा होता.

माझा मेहुणा इतका हळू गाडी चालवतो की रस्त्यावरचे सगळे ड्रायव्हर त्याला गोगलगाय म्हणतात. एकोणीस वर्षांत त्याच्या गाडीत एक ताव तडकलेला नाही. बाईंनी त्याच्याकडे असं पाहिलं, जणू त्याला पहिल्यांदाच पाहतायत.

"गोगलगाय आणि पोटात पाय," त्या म्हणाल्या. "सोमवारपासून गाडी माझा भाचा चालवेल. तू येऊ नकोस."

मेहुण्याने जुडग्यातली ट्रकची किल्ली वेगळी केली, बॉनेटवर ठेवली आणि तो चालायला लागला. मी हाक मारली, त्याने वळून पाहिलं नाही.

संध्याकाळी घरी माझी गाठ त्याच्या बहिणीशी होती.

२

बायको ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने माझं ताट वाढलं, समोर बसली आणि हळू आवाजात विचारलं, "तुम्ही म्हणालात? तुम्ही?"

"मी त्याचं नाव घेतलं नाही."

"अख्ख्या गाडीत एकच माणूस बसतो. नाव कशाला घ्यायला हवं?"

"अगं, पण मग वीज गेली कुठे?"

"ते मी सांगू? वायरमन तुम्ही की मी?" ती म्हणाली. "माझा भाऊ काचेवरची धूळसुद्धा फुंकर घालून उडवतो. तो मालकाच्या गाडीत पंखा लावून घोरत पडेल?"

मला तेवढ्यात एक गोष्ट आठवली, आणि शहाणा असतो तर ती मी मनातच ठेवली असती. "केबिनमध्ये उशी होती," मी म्हणालो. "सीटच्या मागे. मी डोळ्यांनी पाहिली. ड्रायव्हरला उशी कशाला लागते?"

 बायकोच्या चेहऱ्यावर क्षणभर जे आलं ते पाहून मला जिंकल्यासारखं अजिबात वाटलं नाही.

"आज गुरुवार," ती उठता उठता म्हणाली. "सोमवारी सकाळपर्यंत शोधा. वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी कामावरून काढलेला ड्रायव्हर, वर चोरीचा बट्टा. त्याला दुसरीकडे कोण ठेवणार आहे? त्याचं कामही तुम्ही घालवलंत आणि नावही."

"आणि नाहीच सापडलं तर?"

"तर माहेरी तोंड दाखवायला मी एकटीच जाईन. परत यायचं की नाही ते तिथे गेल्यावर ठरवीन."

३

शुक्रवारी सकाळी मी काचेच्या गोदामात. बाई मोठ्या टेबलावर ताव पसरून उभ्या होत्या. पट्टी लावली, हिऱ्याच्या कलमाने रेघ ओढली, तावाखाली बोटाने टिचकी मारली की ताव मुकाट्याने दोन होत होता. माझ्याशी बोलताना त्यांचा हात थांबला नाही.

"उशी?" त्या म्हणाल्या. "ती मीच दिलीय. लहान आरसे तो मागे ठेवत नाही. मागे दणके बसतात म्हणे. शेजारच्या सीटवर उशी घालून, त्यावर आरसा ठेवून, वर पट्टा बांधून नेतो. माणूस बसवावा तसा."

एक संशय संपला. मला बरं वाटलं आणि लगेच वाईट वाटलं, कारण बायकोला ती उशी आता मीच समजावून सांगायची होती.

"बाई, गाडी कोणत्या वारी बंद पडते?"

"वार काय विचारता? सोमवारी पडलीय, मंगळवारी पडलीय, कालचा गुरुवार तुम्ही पाहिलात. पण बुधवारी कधी नाही." त्यांनी कलम खाली ठेवलं. "बुधवारी गाडी माझा भाचा नेतो. फुटक्या काचेचा चुरा भट्टीवर पोचवायला, हमरस्त्याने. दोन महिन्यांत एकही बुधवार चुकलेला नाही. तुमचा मेहुणा बसला की बॅटरी बसते, भाचा बसला की बसत नाही. मी काय समजायचं?"

 पुरावा असा सरळसोट होता की दिवाणी न्यायाधीशसुद्धा दहा मिनिटांत निकाल देऊन जेवायला गेला असता.

"मेहुणा असताना नेहमीच बसते?"

"नेहमी नाही. तेच तर." त्या आठवत म्हणाल्या. "मधे तीन आठवडे तो टेकडीवरच्या शाळेच्या खिडक्या नेत होता. तेव्हा एकदाही नाही बंद पडली. खाली गावातली कामं सुरू झाली की पुन्हा रडगाणं."

मी हे वहीत लिहून घेतलं. आळशी माणूस टेकडीवर कामसू होतो आणि सपाटीवर आळशी? टेकडीवर तर झाडांची सावली जास्त, झोपायचं तर तिथेच झोपावं.

निघताना मी सहज विचारलं, "ट्रकची दुसरी किल्ली असते कुणाकडे?"

"भाच्याकडे," बाई म्हणाल्या. "का हो?"

४

भाचा तिशीचा. दंड असे, की वाटावं याला काच उचलायला नव्हे, फोडायला ठेवलाय. आणि सोमवारपासून ट्रक त्याच्याच हातात जाणार होता. मेहुण्याच्या जाण्याने फायदा होणारा जगात एकच माणूस होता, आणि दुसरी किल्ली त्याच्याकडे होती. रहस्य सुटल्याच्या आनंदात मी शनिवारी सकाळी त्याला गाठलं.

"रात्री येऊन तू दिवे लावून जातोस का?" मी तोंडावरच विचारलं.

तो इतका मोठ्याने हसला की चुऱ्याच्या ढिगावरची मांजर पळाली. "काका, मला तो खटारा हवाय असं वाटतं तुम्हाला? मावशी माझ्या गळ्यात घोंगडं अडकवतेय. मी चांगला भट्टीवर नोकरीला लागणार होतो. तुमच्या मेहुण्याला परत आणा, मी पेढे... अहो, पाया पडतो तुमच्या."

त्याचा चेहरा खरं बोलणाऱ्याचा होता. माझा संशय फुसका निघाला आणि वैताग तेवढा शिल्लक राहिला.

"बरं, गाडी सुरू करून दाखव."

त्याने सेल्फ मारला आणि त्याच दमात ॲक्सिलरेटरवर पाय दिला. असा दिला की इंजिन किंचाळलं आणि मागचा चुरा खळखळला.

"अरे, हळू!"

"काका, चुराच आहे. आणखी काय फुटणार?"

मी मीटर लावला. अठ्ठावीस. मला तो आकडा आता शिवीसारखा वाटायला लागला होता. त्याला इंजिन बंद करायला सांगितलं, पुन्हा सुरू करायला सांगितलं. पुन्हा तीच किंकाळी, पुन्हा अठ्ठावीस.

आणि मग, बॉनेटखाली वाकलेला असताना, मला माझा स्वतःचा हात दिसला. तो सवयीने रेस द्यायला निघाला होता. गाडी तपासताना मीसुद्धा सगळ्यात आधी रेस देतो. एकतीस वर्षं देतोय. आम्ही सगळेच वायरमन देतो, त्याशिवाय गिऱ्हाइकाला काम चाललंय असं वाटत नाही.

भाचा रेस देतो. मी रेस देतो. टेकडीचा चढ चढायचा तर गोगलगायीलाही रेस द्यावी लागते. सपाटीवर काच घेऊन जाताना रेस कोण देत नाही?

"पुन्हा सुरू कर," मी ओरडलो. "पण पाय लावायचा नाही! सीटवर मांडी घालून बस!"

"मांडी घालून?"

"घाल म्हणतो ना!"

तो एवढा धिप्पाड गडी सीटवर मांडी घालून बसला आणि त्याने नुसती किल्ली फिरवली. इंजिन पुटपुटत सुरू झालं. मी मीटरकडे पाहिलं.

चोवीस पूर्णांक तीन. मग चोवीस पूर्णांक दोन. डायनामो फिरत होता आणि बॅटरीत काडीची वीज भरत नव्हता.

दोन महिन्यांत पहिल्यांदाच रोगी माझ्यासमोर आजारी पडला होता.

५

आता आनंद व्हायला हवा होता. झाला तो तासभर टिकला. बाईंनी बुधवारी उरलेल्या चुऱ्याची खेप आज जायलाच हवी म्हणून गाडी माझ्या हातातून काढून घेतली. रविवारी गोदामाला कुलूप. मी दुपारी दुकानात वही उघडून बसलो.

डायनामो काही आपोआप जागा होत नाही. त्याला सकाळी कुणीतरी हलवून उठवावं लागतं. किल्ली फिरवली की बॅटरीतून थोडीशी वीज त्याच्याकडे जाते आणि त्याला जागं करते. मग तो आपलं आपण काम करतो. ती वीज पोचलीच नाही तर तो नुसता गरगर फिरतो. जोरात फिरवला तर मात्र दचकून जागा होतो, आणि एकदा जागा झाला की इंजिन बंद होईपर्यंत झोपत नाही. म्हणून रेस दिली की अठ्ठावीस. मेहुणा तर दर दुकानापाशी इंजिन बंद करतो, दिवसातून पंधरा वेळा नव्याने सुरू करतो, आणि पंधराही वेळा हळूच.

मग ती उठवणारी वीज जाते कुठून? समोरच्या पाट्यावरच्या, म्हणजे डॅशबोर्डवरच्या, लाल दिव्यातून. बॅटरीचं चित्र असलेला तो दिवा किल्ली फिरवली की लागतो आणि इंजिन सुरू झाल्यावर विझतो. लोकांना वाटतं तो इशाऱ्याचा दिवा आहे. जुन्या गाड्यांत तो इशाराही देतो आणि वाटही देतो. दिव्यातून वीज गेली तरच डायनामो उठतो.

म्हणजे दिवा नाहीतर त्याची वायर. सापडला चोर!

मी वही मागे उलटली आणि माझं तोंड उतरलं. चारही वेळा मी मेहुण्याला पहिला प्रश्न तोच विचारला होता. सगळ्या गिऱ्हाइकांना विचारतो: दिवा जातो का? इंजिन सुरू झाल्यावर दिवा गेला तर डायनामो बरा, राहिला तर आजारी. चारही वेळा उत्तराशी मी बरोबरची खूण केली होती. दिवा लागतोय आणि जातोय, याचा अर्थ दिवा शाबूत, वायर शाबूत, वाट मोकळी.

मग डायनामो उठत का नाही?

मी स्वतः तो दिवा पाहिला होता का? आठवलं तेव्हा फक्त चालत्या इंजिनावरचा पाटा आठवला. मेहुणा गाडी घेऊन यायचा तेव्हा मीच ओरडायचो, इंजिन बंद करू नकोस, पुन्हा सुरू होणार नाही. आणि डायनामो बसवला तेव्हा किल्लीवर तो होता, बॉनेटखाली मी. पण त्याने काय बिघडतं? चार वेळा विचारलं होतं. माणूस किती वेळा विचारणार?

"पाचव्यांदा विचारा," रात्री घरी हे सगळं ऐकून बायको म्हणाली. "आणि माझ्यासमोर विचारा."

६

रविवारी सकाळी आम्ही मेहुण्याच्या घरी गेलो. तो आतल्या खोलीत होता आणि बाहेर यायला तयार नव्हता. माझी बायको दोन खोल्यांच्या मधल्या उंबऱ्यात उभी राहिली, एक कान माझ्याकडे, एक भावाकडे.

"त्याला विचार," मी म्हणालो, "लाल दिवा जातो का?"

घर केवढंसं! माझा शब्दन् शब्द त्याला ऐकू जात होता. पण आतून नुसतीच पुटपुट आली.

"म्हणतो, गेला," बायको म्हणाली.

मी वहीत पाचव्यांदा खूण केली. माझा पारा चढायला लागला होता. "गेला काय गेला! रोज जातो का ते विचार."

पुटपुट.

"म्हणतो, रोज कसा जाईल? कधीच गेला."

मी पुढे लिहायला पेन्सिल टेकवली आणि हात तसाच राहिला.

कधीच गेला.

इंजिन सुरू झालं की विझणारा दिवा रोज जातो, दिवसातून पंधरा वेळा जातो. कधीच गेलेला दिवा म्हणजे असा दिवा, जो पुन्हा येत नाही. संन्यासी कधीच गेला. दात कधीच गेला. बल्ब कधीच गेला!

"कधी?" मी पेन्सिल खाली टाकली. "त्याला विचार, कधी गेला?"

या वेळी पुटपुट बरीच लांबली. बायको ऐकत गेली आणि तिच्या भुवया वर वर चढत गेल्या.

"म्हणतो, गाडी पहिल्यांदा बंद पडली ना, त्याच्या आदल्या आठवड्यात गेला. तेव्हाच तुम्हाला फोन केला होता. 'भावोजी, चार्जिंगचा दिवा गेला,' असं स्पष्ट सांगितलं होतं." ती थांबली. "आणि तुम्ही म्हणालात, 'गेला ना? मग उत्तम. जाऊ दे.'"

मी म्हणालो होतो. अगदी याच शब्दांत म्हणालो होतो. त्या वेळी मी दुसऱ्या कुणाच्या तरी ट्रकखाली आडवा पडलो होतो आणि फोन कानाशी कसाबसा धरला होता, ते सगळं मला लख्ख आठवलं.

"अहो, काय झालं?" बायको म्हणाली. "चोर सापडला का?"

"सापडला," मी म्हणालो. "उद्या सकाळी त्याला घेऊन फाटकावर ये. तो नाही म्हणाला तर कान धरून आण."

७

सोमवारी फाटकाशी बाई होत्या, भाचा होता, गुरुवारचे निम्मे बॅटरीतज्ज्ञ होते, आणि बहिणीने दंडाला धरून आणलेला मेहुणा होता. तो जमिनीकडे बघत उभा राहिला.

मी समोरचा पाटा उघडला आणि मागून होल्डर ओढून काढला. शेंगदाण्याएवढा बल्ब. काच आतून काळी झालेली, तार तुटलेली. तो मी बाईंच्या तळहातावर ठेवला.

"ही तुमची वीजचोरी," मी म्हणालो.

नवा बल्ब घातला आणि भाच्याला म्हणालो, "मांडी घाल." त्याने किल्ली अर्धी फिरवली, पाट्यावर लाल दिवा लागला. पूर्ण फिरवली, इंजिन पुटपुटत सुरू झालं आणि दिवा विझला. ॲक्सिलरेटरला कुणी स्पर्शही केला नव्हता. मी बाईंनाच मीटर बघायला लावलं.

"अठ्ठावीस," त्या म्हणाल्या.

मग मी त्यांना सगळं सांगितलं. भाचा गाडी दामटतो म्हणून डायनामो जागा व्हायचा. टेकडी चढताना व्हायचा. मी रेस द्यायचो म्हणून माझ्यासमोर व्हायचा. आणि जो माणूस तुमची काच जपायला पाय हलका ठेवायचा, त्याच्याच गाडीत तो झोपून राहायचा. वीज कुणी खाल्ली नव्हती. ती भरलीच गेली नव्हती.

"हे तुम्हाला आधी कळलं नाही?"

"याने मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. पुढे आणखी पाच वेळा सांगितलं. मी विचारत होतो दिवा विझतो का, तो सांगत होता बल्ब उडाला. शब्द दोघांचा एकच."

"मग तुम्ही तीन वेळा दुरुस्त काय केलंत?"

"जे बिघडलं नव्हतं ते," मी म्हणालो. लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं.

बाई मेहुण्याकडे गेल्या. त्यांनी पदराच्या टोकाने कपाळ पुसलं. "माझं बोलणं चुकलं," त्या म्हणाल्या. "लोकांदेखत बोलले होते, म्हणून लोकांदेखतच सांगते." आणि त्यांनी किल्ली पुढे केली. भाच्याने तर आनंदाने मेहुण्याला उचलायचंच बाकी ठेवलं होतं.

पहिल्या खेपेला मी त्याच्या शेजारी बसलो. खरं सांगायचं तर गाडी बघायला नाही, त्याच्याशी बोलायला. गाडी बेताने निघाली. दोन वळणं गेली. शेवटी माझ्याच्याने राहवेना.

"शिव्या तरी दे," मी म्हणालो. "चार दिवस राग धरलास, तो बरोबरच होता. पण आता ओक एकदाचा."

"राग नव्हता, भावोजी," तो म्हणाला.

"मग?"

त्याने खड्डा पाहून गाडी आणखी हळू केली. "तिसऱ्या वेळी तुम्ही रात्रभर मीटर लावलात आणि म्हणालात, गाडीत काही दोष नाही. तुमचं निदान चुकत नाही हे अख्ख्या गावाला माहीत आहे. मग मी विचार केला, गाडीत नसेल तर माझ्यातच असणार. किल्ली माझ्याकडे, फाटकाचीही माझ्याकडे. झोपेत उठून जात असेन, दिवे लावून बसत असेन, सकाळी आठवत नसेल. असतात ना अशी माणसं?"

मी त्याच्याकडे वळून पाहिलं.

"तीन आठवडे हिला सांगून रात्री खोलीला बाहेरून कुलूप लावून घेत होतो. तरी गुरुवारी गाडी बसली. आणि तुम्ही म्हणालात, माणूस खातोय. मला वाटलं, आता वेडच लागलं आपल्याला. तुमच्यासमोर कुठल्या तोंडाने यायचं?"

एकतीस वर्षांत माझ्या कामावर कुणी एवढा विश्वास ठेवला नव्हता, आणि मला कुठली गोष्ट एवढी लागलीही नव्हती. मी त्याच्यावर चोरीचा आळ घेतला, आणि त्याने माझ्यावर संशय घेण्याऐवजी स्वतःवर घेतला. 

"चुकलो मी," मी म्हणालो.

त्याने मान हलवली आणि समोर बघत राहिला. मागे काच होती.

संध्याकाळी मी दुकान लवकर बंद करून त्याच्या घरी गेलो आणि त्याच्या बायकोसमोर तेच पुन्हा म्हणालो. रोज रात्री ते कुलूप तिलाच बाहेरून लावावं लागायचं.